खिडकीबाहेर टांगलेला दिवस

परवा कूलरच्या ताट्या बदलून घेतल्या. जुनं गवत काळं पडून आखडलं होतं. नव्या गवतावर पहिलं पाणी पडलं आणि घरभर तो वास सुटला. नागपुरात उन्हाळा कॅलेंडर बघून येत नाही, या वासाबरोबर येतो. लहानपणी हा वास आला की शाळा सुटल्याचा आनंद व्हायचा. परवा आला तेव्हा मी कूलरवाल्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि आत जाऊन पलंगावर बसून राहिले. तो बिचारा दोनदा हाक मारून, दार ओढून निघून गेला.

या दिवसांत आम्ही नागपूरकर उजेडाशी उघड वैर धरतो. खिडकीला जाड पडदा, पडद्यावर जुनी चादर, कुणाकुणाच्या काचांना तर चक्क वर्तमानपत्रं चिकटवलेली. भर दुपारी पाहुणा आला तर तो आधी दारात चाचपडतो, मग त्याला हळूहळू माणसं दिसायला लागतात. तोवर त्याच्या हातात पन्ह्याचा पेला आलेला असतो. बाहेर डांबर मऊ झालेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आत सगळं गाव डोळे मिटून संध्याकाळची वाट बघतंय.

अशाच एका अंधाऱ्या खोलीत बसून मी दिवसभर ऊन तयार करते. धंदाच आहे माझा. अजून न बांधलेल्या घरांची आतली चित्रं मी कॉम्प्युटरवर काढते. बिल्डर ती पत्रकात छापतो, लोक ती बघून घर बुक करतात. भिंती, सोफा, पडदे कुणीही मांडेल. खरी करामत उजेडाची. कॉम्प्युटरमधली खोली मुळात ठार काळी असते, तिथे सूर्यसुद्धा आपणच लावायचा. आणि नुसता सूर्य लावून भागत नाही, खोली अर्धी जळते आणि अर्धी कोळसा होते. म्हणून खिडकीच्या बाहेर खिडकीएवढाच एक चौकोनी दिवा टांगायचा आणि त्याला सांगायचं, बाबा रे, उजेड दे पण स्वतः दिसू नकोस. मग तो उजेड मऊसूत आत येतो, लाल उशीवरून उसळून भिंतीला किंचित गुलाबी करतो, टेबलाखाली सावली दाट करतो आणि पायांपाशी विरळ सोडतो. पडद्याला एक चुणी, काचेवर बोटाचा पुसटसा डाग. अशा बारीकसारीक खोडी केल्या की बघणारा म्हणतो, अगदी खरं वाटतं हो! हे वाक्य ऐकायला मी बारा वर्षं राबले आहे. आता कुणी म्हटलं की अंगावर काटा येतो.

बाबांचा जन्म गेला जरीपटक्याच्या बाजारात, घड्याळं दुरुस्त करण्यात. दुकान कसलं, कापडाच्या एका दुकानाच्या जिन्याखालची कपार. उभं राहिलं तर डोकं पायरीला लागायचं. खिडकी नाही, झरोका नाही. समोर हातभर टेबल, त्यावर वाकलेल्या मानेचा दिवा, त्यात पिवळा बल्ब. त्या बल्बखाली डोळ्याला भिंग अडकवून बाबा चाळीस वर्षं बसले. उन्हाळ्यात तो बल्ब कपाळ भाजायचा. मी डबा घेऊन गेले की ते भिंग न काढताच दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडे बघायचे. लहान होते तेव्हा मला वाटायचं, बाबांचा एक डोळा माझा आणि एक घड्याळांचा.

दुसरी कसली हौस म्हणून नव्हती त्यांना. आई जाऊन सात वर्षं झाली, तेव्हापासून तर कपड्यांचीसुद्धा नाही. एकच गोष्ट मनात घर करून होती. म्हणायचे, "मले काही नाई पायजे वं वनू. एक खिडकी पायजे. उत्तरेची. तिच्यातून ऊन नाई येत, निस्ता उजेड येते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा. त्या उजेडात बसून एक तरी घड्याळ करीन मी मरायच्या आधी."

"मरायचं काहून काढता बाबा दर वेळी?" मी चिडायचे.

"बरं बाप्पा, नाई मरत. पण खिडकी पायजे."

मला त्यांच्या या हट्टाचं हसू यायचं. घड्याळाच्या आतलं ते इवलं चाक, बॅलन्स म्हणतात त्याला, दिवसभर पुढं-मागं हलत असतं. ते नीट डोलतं आहे की लंगडतं आहे, हे उघड्या उजेडात जसं दिसतं तसं बल्बखाली दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणायचे, हो हो.

हुडकेश्वरच्या, बांधून होत आलेल्या एका इमारतीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा त्यात एक छोटं घर होतं, दोन खोल्यांचं. मागच्या खोलीला खिडकी उत्तरेला. नकाशात खिडकीपासून चार फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत होती, आधीपासून उभी. मी इमानदारीनं ती चित्रात घातली. आमचे सर, म्हणजे ज्यांच्याकडून मला ही कामं येतात ते, चित्र बघून म्हणाले, "हे काय, विहिरीत बसल्यासारखं वाटून राहिलं. भिंत काढ ना." भिंत काढायला श्रम नसतात. कॉम्प्युटरवरच्या यादीत 'शेजार' असं लिहिलेलं असतं, त्याच्यापुढे एका डोळ्याचं चिन्ह असतं. त्यावर टिचकी मारली की डोळा मिटतो आणि अख्खी इमारत नाहीशी. मी टिचकी मारली. बाहेर माझा चौकोनी दिवा टांगला, थोडं तिरपं ऊन सोडलं, भिंतीवर दहा वाजून दहा मिनिटांचं घड्याळ लावलं. खोली हसायला लागली. सर खूश, बिल्डर खूश. मीसुद्धा खूश होते, खोटं कशाला बोलू?

छापून आलेलं पत्रक मी घरी आणलं. बाबांनी ते टेबलावर पसरलं आणि सवयीनं डोळ्याला भिंग लावलं. माझ्या बारा वर्षांच्या कामात माझं चित्र इतक्या बारकाईनं कुणी बघितलं नव्हतं. खुर्चीपाशी येऊन ते थांबले.

"वनू, दोन सूर्य हायेत काय वं तुह्या घराले?"

"काहून?"

"खुर्ची एक, आन् सावल्या दोन. एक इकडं, एक उलशी तिकडं."

मी इतकी हसले! सरांना नाही दिसलं, बिल्डरला नाही दिसलं, घड्याळवाल्या म्हाताऱ्याला दिसलं. मी त्यांना सगळं फोडून सांगितलं, खिडकीबाहेर दिवा कसा टांगतात, तो दिसत कसा नाही. ते मान डोलावत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "पण खिडकी उत्तरेचीच हाय ना?"

"हाव बाबा, उत्तरेचीच."

बस. एवढंच बोलणं झालं. प्रश्न सरळ होता आणि उत्तरात खोटं काही नव्हतं. मी त्यांना दिवा सांगितला, भिंत नाही सांगितली. का नाही सांगितली? कारण ते असं का विचारताहेत हे मला ठाऊक नव्हतं, असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे त्या वेळी माझी तारीफ चालली होती आणि तारीफ चालू असताना भिंतीचा विषय कोण काढतं!

आठवड्यानं बाबा संत्रा बर्फीचा डबा घेऊन आले. जिन्याखालची कपार सोडली होती, आणि हुडकेश्वरचं घर घेतलं होतं. तेच. मागच्या खोलीचं. मला सांगितलं नव्हतं, गंमत करायची होती म्हणे. "जाऊन तरी पाहाचं ना बाबा आधी," मी कसंबसं म्हटलं.

"कायले? तुया हातचं चित्र हाय. तुनं काढलं मंजे तसंच असंल ना."

अख्ख्या बाजारात सांगून आले होते ते, पोरीनं चित्र काढलं त्याच घरात राहायला चाललो म्हणून. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. बर्फीचा तुकडा तोंडात होता, तो गिळला आणि गप्प बसले. मनाशी म्हटलं, चार फूट तर आहेत मध्ये, थोडाफार उजेड उतरेलच. बारा वर्षं उजेडाचं काम करणारी बाई मी. चार फुटांच्या बोळात किती उजेड उतरतो, हे माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार?

गेल्या वर्षी याच दिवसांत आम्ही इथे राहायला आलो. बाबा सामान खाली ठेवायच्या आधी मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी खिडकी उघडली. समोर गिलावा न केलेली विटांची भिंत, तिच्यावरून खाली गेलेला काळा पाइप, पाइपावर पाल. सकाळचे अकरा वाजले होते आणि खोलीत दिवेलागणीची वेळ झाल्यासारखं होतं. मी दाराशी उभी. वाटलं, आता वळतील आणि विचारतील. मी वाट बघत होते त्याची. विचारलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, तर मी पाय धरले असते.

ते वळले आणि म्हणाले, "थंडी राहीन ही खोली उन्हाळ्यात."

त्यांनी टेबल त्या खिडकीखालीच लावलं. वाकलेल्या मानेचा दिवा त्यावर ठेवला, पिवळा बल्ब लावला. जिन्याखालून निघालेला माणूस पुन्हा जिन्याखाली जाऊन बसला. भिंतीच्या त्या विटा मी आजही मोजून दाखवीन, इतक्या वेळा मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले आहे.

मग माझ्या डोक्यात ती अक्कल आली. जे चित्रात केलं ते इथं का करू नये? छताला लावतात ते चौकोनी एलईडी पॅनेल आणले, चार. बाजारात जे स्वस्तात मिळाले ते. खिडकीच्या जाळीला बाहेरून फळी ठोकून घेतली, तिच्यावर ते बसवले, पुढे दुधी ॲक्रिलिकचा पत्रा, आत पातळ पांढरा पडदा. दोन दिवस मी त्या उजेडाशी खेळत होते. उत्तरेच्या आभाळात असते तेवढीच निळसर झाक, वरच्या अंगाला थोडा जास्त, खाली थोडा कमी. माझ्या सगळ्या कामात इतका खरा उजेड मी कधी लावला नसेल. बटण दाबलं आणि खिडकीत सकाळ झाली.

बाबा उठून खिडकीपाशी आले. मग पडद्याला हात लावून म्हणाले, "बाप्पा! आता झाली खिडकी." शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं कसा बाई छान उजेड येते, आमच्याकडं तर अंधारच." बाबांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. जुना पिवळा दिवा त्यांनी त्याच दिवशी खाली नेऊन चौकीदार काकांना देऊन टाकला. उन्हाळ्यात उगीच कपाळ भाजते, म्हणाले.

तेरा-चौदा दिवस फार सुखाचे गेले. मी इकडे कॉम्प्युटरवर, ते तिकडे खिडकीपाशी, मध्ये कूलरची घरघर. नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, आणि लागल्याबरोबर भर दुपारी लाइन जायला लागली. कूलर थांबायचा आणि खिडकीतली सकाळ फटकन विझायची. आतून बाबांचा आवाज यायचा, "वनू, सूर्य गेला वं!" आणि आम्ही दोघं अंधारात हसायचो. त्या हसण्याचीसुद्धा आता लाज वाटते.

कधीतरी त्याच दिवसांत ते म्हणाले, "वनू, चाक तुटक दिसते."

"म्हणजे कसं?"

"बॅलन्स. डोलताना आरे दिसतात त्याचे, तीन हायेत तर दहा-बारा दिसतात. एका जागी चिकटल्यावानी."

मी कामात होते. संध्याकाळपर्यंत एक दिवाणखाना पाठवायचा होता. मान न वळवता म्हटलं, "उजेड कमी पडत असंल बाबा." आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन पॅनेल आणून लावले, तसलेच. खोली लखलखली. बाबांनी भिंग लावलं, काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. एक घड्याळ ठेवून दुसरं घेतलं, दुसरं ठेवून तिसरं. मग उठून गॅलरीत गेले.

"डॉक्टरला दाखवू ना डोळे," मी म्हटलं. एकदा म्हटलं. पुन्हा म्हटलं नाही.

"कायले? चाळीस वर्षं राबवले. आता त्यायनं जवाब देल्ला." चिमटे, पेचकस, भिंग त्यांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात नीट लावून ठेवलं आणि डबा कपाटावर सरकवला. गिऱ्हाइकांची घड्याळं ज्याची त्याला परत केली. एकच राहिलं, त्यांचं स्वतःचं, चावीचं. ते डब्यात गेलं. वर मलाच समजावत होते, "तुनं एवढी चांगली खिडकी बनवून देल्ली, आन् माहेच डोळे गेले. नशीब पाय कसं असते."

त्यानंतर ते खिडकीत नुसते बसायचे. पावसाळा तिथेच बसून काढला, दिवाळी काढली. हातांना काम नव्हतं, तर बोटं एकमेकांवर चोळत राहायचे. चेहरा त्या उजेडात फार सुंदर दिसायचा, एका बाजूनं मऊ, दुसऱ्या बाजूनं सावळा. चित्रात असा उजेड पडला तर मी सगळ्यांना दाखवत फिरले असते. थंडीत, एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर खुर्चीतच मान कलली होती. मागे सकाळ चालूच होती. ती बंद करायचं मला संध्याकाळपर्यंत सुचलं नाही.

आता पुन्हा उन्हाळा आला. बिल्डरची याच आवारात दुसरी इमारत उठते आहे, तोच नकाशा, तीच उत्तरेची खिडकी, तेच 'शेजार'. या वेळी मी भिंत ठेवून चित्र पाठवलं. मनाशी पक्कं ठरवलं होतं. सरांचा फोन आला, "वनिता, उजेड कुठं गेला?" दहा मिनिटं मी त्या डोळ्याच्या चिन्हाकडे बघत बसले. मग टिचकी मारली. निर्लज्ज असते माणसाची जात.

काल दुपारी पडद्याच्या कापडाचा नमुना सरांना दाखवायचा होता. बाबांच्या खोलीतला उजेड बरा, म्हणून तिथे जाऊन पॅनेल लावले आणि व्हिडिओ कॉल केला. सर म्हणाले, "कापड राहू दे, तुझ्या मागं खिडकीत काळे पट्टे काय सरकून राहिले?" मी फोन वळवला. पडद्याच्या पांढऱ्या उजेडावरून काळे पट्टे वर चढत होते, एकामागे एक. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, फोनला दिसत होतं. "स्वस्तातले दिवे असंन," सर म्हणाले. "असे दिवे सारखे लागतात-विझतात. एका सेकंदात शंभरदा." त्यांनी फोन ठेवला.

माझ्या कॉम्प्युटरातला दिवा कधी थरथरत नाही. चित्रात वेळच नसतो, एकच क्षण, तो कायमचा. तिथे काही हलत नाही, म्हणून तिथला कुठलाही उजेड खरा वाटतो. बाबांच्या टेबलावर मात्र चाक डोलत होतं. लागत्या-विझत्या उजेडात डोलणारं चाक कसं दिसेल, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

कपाटावरून डबा काढला. भिंग डोळ्याला लावलं, ते डोळ्यात बसेना, बोटानं धरून ठेवावं लागलं. बाबांच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं, चावी दिली. चाक डोलायला लागलं. तीन आऱ्यांचं चाक, आणि मला दिसले दहा-बारा आरे, तुटक, एका जागी चिकटल्यावानी.

घड्याळ मुठीत धरून मी तशीच जिना उतरले. डोक्याला दुपट्टा नाही, पायात चपला नाहीत. फाटकाजवळच्या लिंबाच्या बाजूला, उघड्या उन्हात उभी राहिले आणि भिंग लावलं. चाक डोलत होतं. एकसंध, गुळगुळीत, पाळण्यासारखं. एकही आरा तुटलेला नाही. मी झाकण लावायचं विसरून बघत राहिले. तळवे भाजत होते.

चौकीदार काका केबिनमधून धावत आले. आत भर दुपारी त्यांच्या टेबलावर बाबांचा तो वाकलेल्या मानेचा दिवा पिवळा जळत होता.

"ताई, काहून उन्हात उभ्या राहून राहिल्या? लू लागंन ना! काय पाहून राहिल्या?"

"बाबाचे डोळे," मी म्हटलं. "चांगले होते, काका. शेवटपर्यंत चांगले होते."